उसनी खुर्ची

पाहुणी यायच्या आधीच्या आठवड्यात फिरकीच्या घरात जेवढं सामान आलं, तेवढं तिच्या आईबाबांच्या लग्नानंतर कधी आलं नसेल. आणि त्यातलं काहीच त्यांचं स्वतःचं नव्हतं.

पलंग आला समोरच्या मास्तरांकडून. त्यांचा मुलगा बाहेरगावी शिकायला गेला होता, पलंग रिकामाच होता. टेबलपंखा आला कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून, तोही 'फार जोरात लावू नका, मग चालायला लागतो' या सूचनेसह. पडदे तर आईच्या एका गिऱ्हाइकाचे होते. खालची पट्टी शिवून घ्यायला दिलेले. गिऱ्हाईक महिनाभर गावाला गेलं होतं, तेवढ्यात आईनं पट्टी शिवून ते सरळ आपल्याच खिडकीवर चढवले.

"देताना धुऊन, इस्त्री करून देईन," आई म्हणाली. "फायदा तिचाच आहे."

हे सगळं फिरकीमुळे झालं. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून बाबांनी तिला लहानपणीच फिरकी नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. कॉलेजातल्या पोरापोरींनी चालवलेल्या एका मंडळात ती जायची. दर वर्षी परदेशातून काही तरुण मुलं यायची, मंडळातल्या कुणाकुणाच्या घरी राहायची आणि सगळे मिळून गावातलं एखादं काम हातावेगळं करायचे. यंदा मुलांचं वाचनालय होतं. बरीच वर्षं बंद पडलेलं, ओल आलेलं, मोडक्या खुर्च्यांनी भरलेलं. मंडळाची एक प्रमुख होती, तिला पाठीमागे सगळे मुकादम म्हणत. तिनं विचारलं, "स्वतंत्र खोली कुणाकडे आहे?" फिरकीचा हात डोक्यानं विचार करायच्या आत वर गेला. घर दोन खोल्यांचं. एक स्वयंपाकाची, आणि दुसरीत आईचं शिवणयंत्र, बाबांची झोप आणि बाकीचं सगळं जग.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," आई म्हणाली. पण आईचं तोंड एक बोलायचं आणि हात भलतंच करायचे. त्याच संध्याकाळी शिवणयंत्र स्वयंपाकघरात गेलं. आईचं काम लोकांचे कपडे आखूड करायचं, सैल करायचं, फाटलेलं दिसू नये असं जोडायचं. जगाकडेही ती त्याच नजरेनं बघायची. जोड असायला तिची हरकत नव्हती, तो दिसता कामा नये.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तिनं बजावलं. "काय कुणाकडून आणलंय ते त्या पोरीला कळायला नको. बिचारी अवघडेल."

आता बिचारी अवघडेल की आपलं नाक कापलं जाईल, यातलं खरं कारण कोणतं, हे फिरकीनं विचारलं नाही.

मग पाहुणीचा फोटो आला आणि नवीन पंचाईत झाली. पोरगी ताडमाड उंच. घरात बसायला होती दोन बुटकी स्टुलं आणि यंत्रासमोरचा बाक.

"ही स्टुलावर बसली तर गुडघे कानाला लागतील," बाबा म्हणाले. खुर्ची पाहिजेच होती. आणि ऐसपैस, हातांची खुर्ची त्यांच्या माहितीत एकाच घरी होती. वरच्या मजल्यावर, थोरल्या काकूंकडे.

तिथं जायचं कुणी, हाच खरा प्रश्न होता. काका गेल्यापासून आईचं आणि काकूंचं बोलणं जवळजवळ बंद होतं. भांडण झालं म्हणावं, तर कुणाचा आवाजही चढला नव्हता. काका गेल्यावर आई एकदा वर बसायला गेली होती. काका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे पुस्तक छापून निघायच्या आधी त्यातल्या चुका लाल शाईनं दाखवायचे, आणि अर्धं काम घरी घेऊन यायचे. त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हातावर लाल शाईचा एक मोठा डाग होता. आईनं तो पाहिला आणि आपली सवयीनं बोलून गेली, "जाऊबाई, हिला पॉलिश करून घ्या ना. एवढा डाग निघून जाईल." काकू उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. आई खाली आली. त्यानंतर जिन्यात गाठ पडली, तर 'पाणी आलं का' आणि 'आलं' यापलीकडे गाडी गेली नाही.

शेवटी बाबा गेले. बाबा बेकरीची गाडी चालवायचे, पहाटेपासून दुकानादुकानात पाव पोचवायचे. दारात उभं राहून काहीतरी मागण्या-देण्याची त्यांना सवय होती. ते खाली आले ते खुर्ची डोक्यावर घेऊन, आणि हातात एक खोकं.

"त्यात काय?" आईनं विचारलं.

"कप. वहिनींनीच दिले, न मागता. म्हणाल्या, पाहुण्यांना कान तुटलेल्या कपातून चहा देऊ नका."

"सगळे?"

"बशांसकट."

ते कप लख्ख होते, तरी आईनं परत धुतले, परत पुसले आणि फळीवर ओळीनं मांडले. मग लांब उभी राहून बघत राहिली. फिरकीला कळलं की आई खूश झाली आहे आणि ते कुणाला कळू नये म्हणून धडपडते आहे.

"एकच अट आहे," बाबा म्हणाले. "डागाला पाणी लागू द्यायचं नाही."

पाहुणी आली. तिचं नाव आईच्या जिभेवर काही केल्या बसेना, म्हणून घरात तिला पाहुणीच म्हणायला लागले. स्वभावानं पोरगी सोन्यासारखी. दिसेल ते खायची, दिसेल त्याला हसायची, आणि काही उचलायला गेली की आई तिच्या आधी तिथं पोचलेली असायची. पाण्याचा पेला, ताट, स्वतःची चप्पलसुद्धा. "बस, बस," आई म्हणायची. हा पाहुणीनं शिकलेला पहिला शब्द. ती निमूटपणे काकांच्या खुर्चीत जाऊन बसायची आणि इकडेतिकडे बघत राहायची. सकाळी वाचनालयात मात्र तिला कंठ फुटायचा.

वाचनालयात खुर्च्यांचं काम फिरकीकडे होतं. लहान मुलांच्या खुर्च्या, कुणाचा पाय हलतोय, कुणावर वर्षानुवर्षांची बोटं, गोंद, शाई. फिरकी आणि पाहुणी एकमेकींशी बोलायच्या ते दोघींनाही अर्धीमुर्धी येणाऱ्या एका तिसऱ्याच भाषेत, आणि तीही कमी पडली की हातवारे. पहिल्या दिवशी पाहुणीनं एका खुर्चीवरच्या डागावर सरळ निळा रंग फासला. फिरकीनं ती खुर्ची तिच्यासमोर आपटली.

"आधी डाग, मग रंग," ती जरा जास्तच रुबाबात म्हणाली. "डाग राहिला तर तो रंगातून वर येतो. काचकागदानं घास. लाकूड दिसेपर्यंत घास. घाई नको."

पाहुणीनं मान डोलावली. त्या दिवसापासून तिच्या हाताखालून जी खुर्ची गेली, तिच्यावर शोधूनही डाग सापडेना. मुकादम सहसा कुणाची पाठ थोपटत नसे, पण तिनंही थोपटली. फिरकीला वाटलं, थोडी आपलीही थोपटली.

मग सुट्टीचा दिवस आला. बाबांची गाडी सुट्टीच्या दिवशीही जायचीच. आई कपडे पोचवायला बाहेर पडली. फिरकीला मुकादमनं सामान मोजायला बोलावलं. पाहुणी एकटीच घरी. जाताना आईनं खुणेनं सांगितलं: बस, आराम कर.

दुपारी तिघंही मागेपुढे घरी पोचली, तर पाहुणी दारातच उभी. गालाला निळा रंग, केसांत भुसा, आणि तोंडभर हसू. तिनं आईचा हात धरला आणि तिला मागच्या अंगणात घेऊन गेली.

कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, उन्हात, काकांची खुर्ची उभी होती. निळी. वाचनालयाच्या खुर्च्यांचा निळा. एक थेंब कुठं ओघळलेला नाही, एक केस कुठं चिकटलेला नाही. काम असं झालं होतं की शिकवणाऱ्याला अभिमान वाटावा. फिरकीची नजर उजव्या हातावर गेली. तिथंही निळाच होता. आणि तिला माहीत होतं की त्या निळ्याच्या खाली काही नाही, कारण आधी डाग, मग रंग.

"तुमच्यासाठी," पाहुणी आईला म्हणाली. हा शब्द तिनं कुणाकडून तरी पाठ करून घेतला असणार.

आईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं फिरकीनं पाहिलं. पण ती आईच होती. तिनं दोन्ही हात गालांवर नेले आणि म्हणाली, "अगं बाई! किती छान!" बाबा म्हणाले, "वा!" मग परत म्हणाले, "वा!" पाहुणी लहान मुलासारखी उड्या मारायची तेवढी बाकी होती. इतक्या दिवसांत या घरात तिला पहिल्यांदाच काहीतरी करायला मिळालं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बैठक बसली. पाहुणीला यांच्या भाषेतलं 'बस' सोडून फारसं काही कळत नव्हतं, तरी तिघंही कुजबुजत होती.

"त्यांना वाटणार मीच करवून घेतलं," आई म्हणाली. "मीच म्हटलं होतं ना, पॉलिश करा, डाग जाईल. आता म्हणतील, बघा, हट्टानं तडीस नेलं. परक्या पोरीच्या आडून. इतक्या दिवसांनी त्यांनी आपण होऊन कप दिले, आणि मी हे पदरात घातलं त्यांच्या."

तेव्हा फिरकीला कळलं, आईला नाक कापलं जायची भीती नाही. तिला ते कप परत जायची भीती आहे.

"आपण सांगून टाकू," फिरकी म्हणाली. "सरळ वर जाऊन."

"काय सांगशील? की पाहुणीनं केलं? म्हणजे तिच्यावर खापर. आणि पाहुणीला काय सांगशील? की बाई, तू एका गेलेल्या माणसाची आठवण घासून टाकलीस? सगळ्यात मोठ्या आनंदानं केलेलं काम आहे ते तिचं. ती जाईपर्यंत तरी काही बोलू नका."

बाबांनी घसा साफ केला. "रंग काय, खरवडता येतो. वरून जुन्यासारखं पॉलिश मारून घेऊ. एक माणूस आहे माझ्या ओळखीचा."

"आणि डाग?"

"डागच ना? पाडू."

आई आणि फिरकी दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाबांना आपण काय बोललो हे कळलं नसावं, कारण दुसऱ्या दिवशी ते खरोखरच लाल शाईची बाटली घेऊन आले आणि अंगणात एका फळकुटावर डाग पाडायचा सराव करू लागले. एक डाग फार गोल झाला. एक फार लांबट. एका डागाकडे मान तिरकी करून ते म्हणाले, "हा जरा दादासारखा वाटतो." मग त्यांनी बाटली खाली ठेवली आणि बराच वेळ त्या फळकुटाकडे बघत उकिडवे बसून राहिले. दादा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. फिरकीला हसू येत होतं, ते मध्येच कुठंतरी अडकलं.

जिन्यात काकू भेटल्या. आई जिना धुवायला बादली घेऊन चढत होती, फिरकी मागे.

"खुर्ची बरी आहे ना?" काकूंनी विचारलं.

"हो तर. अगदी बरी," आई म्हणाली.

काकू जराशा थांबल्या, आईच्या तोंडाकडे बघितलं, आणि वर गेल्या. काकूंच्या डोळ्याला डोळा देऊन आई खोटं बोलली, आणि ते तिला जमलं नाही, हे फिरकीला मागूनही दिसलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

त्यानंतर आईनं काकूंच्या कपातून चहा घेणं सोडलं. पाहुणीला त्या कपात, आणि स्वतःला कान तुटलेल्या. कारण कुणी विचारलं नाही. कप फळीवर ओळीनं होते, आणि आई त्यांच्याकडे पाठ करून यंत्र चालवायची.

पण ही झाकाझाक पाहुणी जाईपर्यंत टिकली नाही. तिच्या निरोपाचे दिवस जवळ आले, तशी ती एके दिवशी दुपारी फिरकीला म्हणाली, "वर त्या बाई राहतात ना, त्यांना खुर्ची दाखवू या. त्या एकट्या असतात. त्यांच्याकडेही जुनी खुर्ची असेल. मी रंगवून देईन."

फिरकी पलंगाच्या कडेला बसली. मास्तरांच्या पलंगाच्या. आता खोटं बोलायचं तर अजून दोन खोटी लागणार होती, आणि त्यांना धरून अजून चार. तिला एकदम कंटाळा आला. थकवा म्हणावा तसा कंटाळा.

"खुर्ची आमची नाही," ती म्हणाली. "वरच्या काकूंची आहे."

पाहुणीला नीट कळलं नाही असं तिला वाटलं, म्हणून तिनं हातानं दाखवत सांगितलं. खुर्ची वरून. पलंग समोरून. पंखा कोपऱ्यावरून. पडदे तर ज्यांचे आहेत त्यांनाही माहीत नाही. कप काकूंचे. ही खोलीसुद्धा खोली नाही, आईची कामाची जागा आहे. सांगता सांगता तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आईनं इतक्या मेहनतीनं घातलेली शिवण ती टाका टाका उसवत होती.

पाहुणी ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला स्टूल चाललं असतं."

"माहीत आहे," फिरकी म्हणाली. "पण आम्हाला चाललं नसतं."

पाहुणी हसली. एवढ्यावर थांबता आलं असतं. फिरकीला थांबायची फार इच्छा झाली. पण सांगायचं होतं ते अजून राहिलंच होतं. तिनं ते सांगितलं. काका, लाल शाई, उजवा हात.

पाहुणीचं हसू गेलं. ती आपल्या बोटांकडे बघायला लागली.

"सगळ्यात जास्त वेळ तोच लागला," ती म्हणाली. "जायलाच तयार नव्हता. मी तीन कागद संपवले. मला वाटलं, तुझी आई खूश होईल." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती उठली. "मी आत्ताच जाते."

"तुला घासायला मी शिकवलं," फिरकी म्हणाली. "मीही येते."

दोघींनी मिळून खुर्ची उचलली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात कुणाची तरी अर्धी उसवलेली विजार. तिनं खुर्ची पाहिली, दोघींचे चेहरे पाहिले. "अगं..." एवढंच म्हणाली. पण आडवी आली नाही. बाजूला झाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आणा आत," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी ठेवा, तिची जागा तीच."

खिडकीपाशी टेबलाच्या एका बाजूला जागा मोकळी होती. दुसऱ्या बाजूला जोडीतली दुसरी खुर्ची होती, तपकिरी, काकूंची स्वतःची. फिरकीनं जिन्यात सगळं बोलणं मनाशी जुळवून आणलं होतं, ते आता एकदम विस्कटलं. "काकू, चूक माझी आहे. हिला माहीत नव्हतं. आईचा तर काही संबंधच नाही, आई घरातसुद्धा नव्हती, तुम्ही आईला..."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "मी बघत होते."

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. फिरकी तिथं गेली. खाली त्यांचं मागचं अंगण होतं. दोरी, नळ, आणि फरशीवर अजून राहिलेले निळ्या रंगाचे चार ठिपके. वरून सगळं तळहातासारखं दिसत होतं.

"ही पोरगी खुर्ची बाहेर घेऊन आली तेव्हापासून मी इथंच उभी होते. म्हटलं, पुसत असेल. मग हिनं कागद काढला. मी हाक मारायला तोंड उघडलं." काकू तपकिरी खुर्चीत बसल्या. "हात घासत घासत ही डागापाशी आली आणि थांबली. बोट फिरवलं त्याच्यावरून. मग घासायला लागली. आणि कसं घासत होती, कुणाचा दुखरा गुडघा चोळावा तसं. मी तोंड उघडं टाकून तशीच उभी. हाक काही आली नाही."

पाहुणीला शब्द कळत नव्हते. ती फिरकीकडे बघत होती. फिरकीलाही ते तिला समजावून सांगायचं भान नव्हतं.

"का नाही मारली?" तिनं विचारलं.

काकूंनी निळ्या खुर्चीच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं, डाग ही त्यांच्या कामाची खूण आहे. मीही तसंच वाटू दिलं. तो डाग माझा आहे. मी पाडलेला. ते असेच बसले होते, कागदात डोकं घालून. जेवायला या, जेवायला या, मी हाका मारून दमले. त्यांचं आपलं, एवढं पान, एवढं पान. ताट गार झालं. मला इतका संताप आला, मी येऊन टेबलावर हात आपटला. बाटली उलटली. अख्खं पान लाल, खुर्ची लाल, त्यांची बाही लाल. आणि मी नाही नाही ते बोलले." त्यांनी ओठ पुसले. "त्यांनी तो कधी पुसू दिला नाही. हसायचे. म्हणायचे, राहू दे, ही एकच चूक अशी आहे जी मला दुरुस्त करायची नाही. ते होते तोवर मलाही हसू यायचं. ते गेले आणि हसणारं कुणी उरलं नाही. डाग तेवढा उरला. रोज समोर बसून जेवायची मी. ते दिसायचेच नाहीत गं, माझा आपटलेला हात तेवढा दिसायचा."

खाली आईचं यंत्र बंद होतं.

"तुझी आई म्हणाली, पॉलिश करा, डाग जाईल. मला वाटलं, हिला कुणी सांगितलं? कुणीच नव्हतं सांगितलं. पण माझ्या मनाला झोंबलं ते झोंबलंच. आणि मग दार उघडून उभी राहिले ती किती दिवस उभीच राहिले." त्यांनी मान हलवली. "स्वतःच्या हातानं तो काढायची माझी हिंमत नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. या पोरीनं काढला. मला रडू आलं, खोटं नाही सांगत. पण त्या रात्री जेवण नीट गेलं."

फिरकीनं नाक ओढलं. नको तेव्हा नको ते सुचतं, तसं तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा तर नवीन डाग पाडणार होते."

"काय?"

"लाल शाई आणली होती. फळकुटावर सराव करत होते. एक डाग म्हणाले, दादासारखा वाटतो."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. पाहुणीला काही कळलं नव्हतं, तरी तीही हसायला लागली, रडवेल्या तोंडानं. काकूंनी तिला जवळ ओढलं आणि तिचा पंजा उलटासुलटा करून बघितला. नखांच्या कडेला अजून निळा होता.

"ए रंगारीण," त्या म्हणाल्या. "बघ, ही दुसरी तशीच राहिलीय. जोडी विजोड दिसते. उद्या ये आणि हिला घास. पण इथं, माझ्यासमोर. मला बघायचंय." फिरकीनं ते पाहुणीला सांगितलं. पाहुणीनं जोरजोरात मान हलवली. इतक्या दिवसांत या इमारतीत तिला कुणी पहिल्यांदाच काम सांगितलं होतं.

मग काकू उठल्या. निळ्या खुर्चीपाशी गेल्या. काका गेल्यापासून त्या खुर्चीत घरातलं कुणी बसलं नव्हतं. त्यांनी उजव्या हाताला बोट लावून पाहिलं.

"वाळलाय ना गं नीट?"

"वाळलाय, काकू."

त्या बसल्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. मग त्यांच्या कपाळावर एकदम आठ्या आल्या.

"पण राग मला आलाय बरं का. खुर्चीचा नाही. रोज वाट बघत होते मी, खालून कोण वर येतंय ते. आणि तुझी आई जिन्यात मला म्हणते, अगदी बरी आहे! मी काय वाघ आहे?"

"तिला वाटलं, तुम्ही कप परत मागाल," फिरकी म्हणाली.

काकूंचा चेहरा कसा झाला ते फिरकीला नीट दिसलं नाही, कारण त्या झटकन उठून खिडकीशी गेल्या होत्या. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली. इतके दिवस न मारलेली हाक, तिचा आवाज अख्ख्या इमारतीनं ऐकला.

"अगं ए! वर ये! चहा टाकते आहे. आणि येताना कप घेऊन ये, माझ्याकडे एक नाही, सगळे तुझ्याकडेच आहेत!"

बऱ्याच वेळानं जिन्यात बशा एकमेकींना लागल्याचा आवाज आला. आई येत होती. हातातलं एकही भांडं फुटू नये म्हणून एकेक पायरी थांबून, अगदी सावकाश.